आळं मोडणारे काका

काकांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या झाडाला लाथ मारली तेव्हा. म्हणजे झाडाला नाही, आळ्याला. पण त्या क्षणी एवढा बारीक फरक करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

मी सातासमुद्रापलीकडे, फार्गो नावाच्या गावी नुकती कुठे आले होते. नवऱ्याचं प्रोजेक्ट तिथे लागलं होतं आणि माझा एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायला बंदी. अकोल्याला बीएस्सी अ‍ॅग्री केलेली मी, आणि तिथे दिवसभर काचेतून रस्ता बघत बसायची. त्या रस्त्यावरून माणूस म्हणून चालत जायचं नाही. जमीन तर पोळपाटासारखी सपाट, जिथवर नजर जाईल तिथवर अडवणारं काही नाही, आणि वरून सतत वारा. फोनवर आई विचारायची, ‘करमतं का गं?’ आणि मी म्हणायची, ‘हो, मस्त आहे.’ फोन ठेवला की रडायची.

भाड्याच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा होता. मालकानं काय हवं ते लाव म्हणून सांगितलं होतं. एक दिवस खुरपं घातलं आणि बघतच राहिले. काळी कुळकुळीत माती! चिकट, जड, ढेकूळ फोडलं की आतून तकतकीत. वाळली की भेगासुद्धा आपल्याकडच्यासारख्याच. बाई गं, मला इतकं बरं वाटलं! इतक्या लांब येऊन कुणीतरी आपलं भेटलं असं झालं. दुकानात जाऊन सफरचंदाचं रोप आणलं. चांगला खोल खड्डा खणला, त्यात पिशवीतली विकतची भुसभुशीत माती भरली, रोप लावलं आणि भोवती सुरेख गोल आळं केलं. हातानं थापून, काठ गुळगुळीत करून.

त्याच रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं एका म्हाताऱ्या गृहस्थांना आमच्याकडे चहाला आणलं. गळ्यात टाय, टायला पिन, आणि पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना नुसतं ‘काका’ म्हणायची. मूळचे पुण्याचे, इथे येऊन आयुष्य गेलेलं. सिव्हिल इंजिनिअर. रस्ते, पूल, धान्याची उंच कोठारं यांच्या पायाखालची माती तपासून द्यायची, हा त्यांचा धंदा होता आणि आता रिटायर झाले होते. ते घरात आलेच नाहीत. सरळ मागच्या अंगणात गेले.

“हे कुणी केलं?”

“मी.” मी जरा ऐटीतच म्हटलं.

“शिक्षण?”

“बीएस्सी अ‍ॅग्री.”

“तरीच,” म्हणाले, आणि बुटानं आळ्याचा एक काठ पाडला. मग दुसरा. मग शांतपणे आत येऊन, बूट दाराशी काढून, चहात साखर किती आहे ते विचारलं.

माझं डोकंच फिरलं. चहा दिला, पण कप असा आपटला की बशीत सांडला. ते बशीतला चहा पीत म्हणाले, “चिडलीस. चिड. पण ऐक. तुमच्याकडे पाणी आणावं लागतं, म्हणून आळं. इथे एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली असते. पाणी जाणार कुठे? तुझ्या भुसभुशीत मातीच्या खड्ड्यात. भोवती चिकणमाती, वर आळं. तू झाड नाही लावलंस, बाथटब बांधलास.”

“पण माती आमच्याकडचीच आहे,” मी म्हटलं.

“माती आहेच तुझ्याकडची. अगदी सख्खी बहीण. ऋतू तुझ्याकडचे नाहीत.”

ते गेले आणि मी ताबडतोब मागे जाऊन आळं पुन्हा घातलं. पहिल्यापेक्षा उंच. मी म्हणजे काय, ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

व्हायचं तेच झालं. हिवाळा सरला आणि एप्रिलमध्ये आळ्यात पाणी साचलं ते हलेचना. रात्री गोठायचं, दुपारी सुटायचं, पुन्हा गोठायचं. मे उजाडला, शेजारच्या झाडांना पालवी आली, माझं रोप काठीसारखं उभं. ओढलं तर अलगद हातात आलं, आणि मुळांना असा घाण वास! मी तशीच त्या चिखलात बसून राहिले. एका रोपासाठी कुणी इतकं रडतं का, पण मी रडले. त्या हिवाळ्यात मी मनातल्या मनात त्याच्याशीच बोलत होते, खोटं कशाला सांगू.

काका दुसऱ्या दिवशी आले. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मला वाटलं, आता ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ होणार. तसलं काही झालं नाही. गाडीच्या डिकीतून त्यांनी घडीची खुर्ची काढली, माझ्या खड्ड्याशेजारी मांडली आणि म्हणाले, “बस. पहिलं झाड सगळ्यांचं जातं.”

तिथपासून मी त्यांची असिस्टंट झाले. ते मला नावानं हाक मारायचे नाहीत. ‘या, बीएस्सी अ‍ॅग्री!’ म्हणायचे, निम्मं कौतुक आणि निम्मी टर.

त्यांच्या सवयी तऱ्हेवाईक होत्या. कोटाच्या खिशात कायम व्हिनेगरची एक छोटी बाटली. कुणाच्याही घरी जेवायला बोलावलं की आधी अंगणात वाकणार, चिमूटभर माती तळहातावर घेणार, त्यावर चार थेंब टाकणार आणि हात कानाशी नेणार. माती फसफसायची. “ऐकलंस? चुनखडी.” मग त्या घरच्या मेपलची पानं का पिवळी पडतात ते यजमानांना सांगणार. “लोह आहे मातीत, भरपूर आहे. पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. डबा भरलेला आणि झाकण घट्ट.” आत वरणभात निवायचा. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, सगळे दर्शनाच्या रांगेत, आणि काका बाहेर हिरवळीवर ओणवे. आमच्यातली पोरं त्यांना ‘मड अंकल’ म्हणायची. त्यांना ते कळत होतं आणि आवडत होतं, असं मला वाटतं.

दुसरी सवय पाण्याची. कुठेही झाड लावायचं झालं की आधी खड्डा खणायचा, तो काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि शेजारी खुर्ची टाकून पाणी जिरतं का ते बघत बसायचं. तासन् तास. मी एकदा म्हटलं, “काका, घरी जाऊन उद्या सकाळी येऊन बघता येईल की.”

“घरी जाऊन काय करू?” ते म्हणाले. खड्ड्याकडे बघतच म्हणाले.

या पाणी बघण्यापायी एकदा पोलीस आले. आमच्यातल्या एका जोडप्यानं नवीन घर घेतलं होतं. ते दोघं ऑफिसला गेलेले, आणि काकांनी त्यांच्या अंगणात खड्डा खणून पाणी भरलं होतं. मी शेजारी उभी. समोरच्या बाईला वाटलं, हा टायवाला माणूस परक्याच्या अंगणात काय पुरतोय! दिवस असे होते की आमच्या रंगाच्या माणसाकडे लोक दोनदा बघायचे. पोलीस कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून उतरला. माझ्या डोळ्यांपुढे व्हिसा नाचायला लागला. मी काकांच्या कोटाला धरून म्हणतेय, “काका, उठा, सॉरी म्हणा,” आणि काका त्या पोलिसाच्या हातावर ओल्या मातीचा गोळा ठेवतायत. अंगठ्यानं दाबून पट्टी काढायला सांगतायत. पट्टी लांब निघाली, तुटेना. “बघितलंस? ही पाणी सोडत नाही,” काका त्याला इंग्रजीत म्हणाले, अगदी वर्गात शिकवावं तसं. पोलिसानं जरा वेळ मातीकडे बघितलं आणि मग घरच्या मेपलचं गाऱ्हाणं सुरू केलं. जाताना हात पुसायला काकांचा रुमाल घेऊन गेला.

आणि आळी मोडणं तर चालूच. आमच्यातल्या कुणी झाड लावलं की आळं करायचंच. पुण्याचा असो, नागपूरचा असो, कॉम्प्युटरवाला असो की डॉक्टर, हात आपोआप तसा फिरतो. आणि काकांचा बूट आपोआप तिथे पोहोचायचा. “उंचवटा करा. उंचावर लावा. तीच माती भरा, विकतची नको. मुळांना उतारावर बसू दे.” त्यांच्या हाताखाली मीही दोन-चार आळी पाडली, आणि तेव्हा लोकांचे चेहरे बघून मला आमचा पहिला चहा आठवायचा.

एवढं सगळं असून मी त्यांचं घर आतून बघितलं नव्हतं. ते कुणाला बोलवायचे नाहीत. एकदा त्यांचा स्टीलचा डबा परत द्यायला गेले, तर दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यामागच्या खिडकीतून अंगण दिसलं. बरोबर मधोमध एक रोप, आणि त्याभोवती आळं. साधंसुधं नाही, विटा लावून, लिंपून केलेलं. असं देखणं आळं मी अकोला सोडल्यापासून बघितलं नव्हतं. त्यात पाणी उभं होतं आणि रोप मेलेलं होतं.

मला राहवलं नाही. “काका! हे काय? गावभर आमची मोडत फिरता आणि स्वतःच्या घरी?”

“चहा घेणार?” ते म्हणाले.

“चहा राहू द्या. हे कुणी केलं?”

“बायकोनं.”

गावात काकू आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या आजारी असतात एवढंच लोक सांगायचे. त्या दिवशी काकांनी सांगितलं. काकू यवतमाळकडच्या. वडिलांची संत्र्याची बाग, लहानपण सगळं बागेत, माळ्यांच्या मागे मागे हिंडण्यात गेलेलं. इथे आल्यावर सगळं आयुष्य ‘पुढच्या वर्षी परत जाऊ’ म्हणण्यात गेलं, आणि जायचं नक्की नाही तर झाड कशाला, म्हणून अंगण उघडंच राहिलं. मग त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी गॅस, मग रस्ता, मग शेजारीण. त्या दिवसांत एका सकाळी त्यांनी हट्ट धरला, मला झाड लावायचंय. काकांनी प्लमचं रोप आणून दिलं. इथलं रानटी, छोटी लाल आंबट फळं येणारं. त्या त्याला ‘बोर’च म्हणायच्या. खड्डा त्यांनी स्वतः खणला, आळं स्वतः केलं, विटा स्वतः लावल्या. काका शेजारी उभे होते.

“मी आयुष्यभर माती बघितली. त्या झाडाचं काय होणार ते मला तिथेच दिसत होतं,” ते म्हणाले. “पण तिचे हात बघ ना. सगळं विसरली होती आणि हात काही विसरले नव्हते. मी कसा मोडू?”

पुढच्या हिवाळ्याआधी काकूंना नदीपलीकडे, मूरहेडच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. काका रोज जायचे. काकू एकच विचारायच्या, “झाड कसं आहे?” आणि झाड दर एप्रिलला बुडायचं. काका दर मे महिन्यात नवीन रोप आणून त्याच खड्ड्यात, त्याच आळ्यात लावायचे आणि काकूंना सांगायचे, “छान आहे. फुटलंय.” मुलगा लांबच्या बेलव्ह्यूहून फोन करायचा, बाबा घर विका, इकडे या. ते म्हणायचे, झाड जरा मोठं होऊ दे.

मी विचारलं, “काका, उंचवट्यावर का लावत नाही?”

“तेवढं नको सांगूस,” ते म्हणाले. मी नाही सांगितलं. द्यायला आणलेला डबा तसाच हातात घेऊन मी गाडीत येऊन बसले आणि किती तरी वेळ किल्ली फिरवली नाही.

पुढच्या वसंतात त्यांचा फोन आला. नर्सिंग होमवाल्यांनी सांगितलं होतं, काकूंना आता कुलूप असलेल्या विभागात हलवणार. मग बाहेर नेता येणार नाही. त्याआधी एक दिवस घरी घेऊन जा. “ती एकच म्हणतेय,” काका म्हणाले, “मला माझं झाड बघायचंय. आणि झाड यंदाही गेलंय.” मग म्हणाले, “शनिवारी येतेस? तिला जिवंत झाड दाखवायचंय गं. मेलेलं नाही.”

मी गेले. नर्सरीतून कळ्या धरलेलं चांगलं वाढलेलं प्लमचं झाड आणलं होतं त्यांनी. म्हणाले, हे जगलं पाहिजे, आता पुन्हा नवीन आणायचं बळ नाही. म्हणजे आळं मोडायला हवं होतं. काकांनी बूट उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग खाली बसले आणि एकेक वीट हातानं काढून, माती झटकून, भिंतीशी रचून ठेवायला लागले. मी हात लावायला गेले तर म्हणाले, “राहू दे, मी करतो.” मला भडभडून आलं होतं, मी तोंड फिरवून फावडं शोधायचं नाटक केलं. मग दोघांनी मिळून रुंद उंचवटा केला, तीच काळी माती चुरून चुरून भरली, मुळं मोकळी पसरली. झाड ताठ उभं राहिलं. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या फुलांनी भरून गेलं.

काकूंना आणलं त्या दिवशी काकांनी नवा टाय बांधला होता. काकू लहानखुऱ्या, केस कापलेले, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी स्वेटर. माझ्याकडे बघून हसल्या, ओळख नसताना. त्यांना मागच्या दारातून बाहेर नेलं. फुललेलं झाड समोर. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, झाडाकडे नाही.

काकूंनी झाड वरपासून खालपर्यंत बघितलं. बुंध्याशी नजर गेली आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला.

“हे कुणी केलं? आळं कुठंय?” त्या म्हणाल्या. “पाणी घालायचं कसं याला? मरून जाईल ना!”

आणि काही कळायच्या आत त्या गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हातांनी माती ओढायला लागल्या. उंचवट्याची माती ओढून, थापून, गोल फिरवत. हात काय सराईत चालत होते! काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणणार होते, थांबवा त्यांना, नुकतं बसलेलं मूळ आहे. तेवढ्यात काकू मागे न बघताच ओरडल्या, “अहो, बघत काय उभे राहिलात? विटा आणा! आणि पाणी!”

‘अहो’ ऐकलं आणि काका धावले. गमबूट घातलेला तो म्हातारा माणूस अक्षरशः धावला. भिंतीशी रचलेल्या विटा आणून एकेक हातात देत गेला. मग बादली आणली. टाय मातीत लोळत होता. दोघांनी मिळून आळं पुरं केलं आणि त्यात पाणी सोडलं. पाणी काठापर्यंत चढून तसंच उभं राहिलं, आणि काकू मातीचे हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “आता बघा कसं धरतं ते.”

“हो,” काका म्हणाले. “छान झालं.”

त्या संध्याकाळी त्यांना परत पोचवून आल्यावर मी म्हटलं, “काका, थंडी पडायच्या आधी मोडावं लागेल. नाहीतर हेही जाईल.” त्यांनी अजून हातावरची माती धुतली नव्हती.

त्या शरद ऋतूत आमचं प्रोजेक्ट संपलं आणि आम्ही टेक्सासला, प्लेनोला आलो. निघताना काकांना भेटायला गेले. आळं होतं तसंच होतं. प्लेनोत शेजारीपाजारी चिक्कार मराठी माणसं, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण, आणि तरी अधूनमधून वाटायचं, कुणीतरी मला उगाच चिडवावं. इथे मला कुणी बीएस्सी अ‍ॅग्री म्हणणारं नव्हतं.

एप्रिल लागला आणि मला चैन पडेना. तिकडे बर्फ सुटायचे दिवस. शेवटी फोन लावला.

“या, बीएस्सी अ‍ॅग्री,” काका म्हणाले. आवाज थकलेला होता.

“काका, झाड?”

“आहे.”

“आळं मोडलंत?”

“नाही.”

“मग पाणी?”

“उपसतो,” ते म्हणाले. “सकाळी वरचा बर्फ फोडायचा आणि मगानं पाणी काढून बादलीत टाकायचं. बादली नेऊन रस्त्याच्या कडेला ओतायची. दुपारपर्यंत परत भरतं, परत काढायचं. रोज चाललंय. पाठ धरली आहे जरा. पण सकाळी बघितलं, झाडाचे डोळे फुगलेत. फुटणार असं दिसतंय.”

 मग म्हटलं, “काकूंना सांगितलंत?”

“सांगतो की रोज. पण ती मला आता ओळखत नाही गं. तिला वाटतं मी तिच्या माहेरच्या बागेतला माळी आहे. ‘माळीबुवा, आळं भरलं का?’ विचारते. मी म्हणतो, भरलं, बाईसाहेब.”

“काका, तुम्ही सांगत का नाही तुम्ही कोण ते?”

“एकदा सांगितलं. घाबरली. मग नाही सांगितलं.” पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ते बसले असावेत. “परवा म्हणाली, आमचे साहेब कुठे असतात हो? म्हटलं, फिरतीवर आहेत, पुलाचं काम चाललंय लांब. येतील.”

“मग?”

“मग काय. म्हणाली, आले की त्यांना सांगा, माझं झाड जगलं म्हणून.”

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. 

“सांगतो म्हटलं,” काका म्हणाले.